भिंतीवरचा ठिपका

महाल, नागपूर

चि. राणी,


तुझं पत्र परवा आलं. "दोन महिने झाले मामा, काही सुचतच नाही. कागद समोर घेऊन बसते आणि मोबाइलवर दुसऱ्यांची चित्रं बघत राहते," असं लिहिलंस. रात्री मला त्यावरून झोप आली नाही. मनातलं लपवलं नाहीस, ते फार बरं केलंस.

तुला रझांबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. सय्यद हैदर रझा. आपल्या नागपुरात चित्रकला शिकलेला माणूस. 1939 ते 1943 ही चार वर्षं ते इथल्या नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये होते. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी होती, आणि मंडल्याकडचा, जंगलखात्यातल्या माणसाचा हा मुलगा इथं आला होता. पुढं मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, 1947 साली सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि आपल्या विदर्भातले ह. अं. गाडे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप, 1950 ला पॅरिस. हे सगळं तुमच्या अभ्यासक्रमात असेलच.

मला सांगायचं आहे ते त्याच्याही आधीचं. काकैया नावाच्या खेड्यातल्या शाळेत या पोराचं लक्ष लागत नसे. नजर सारखी भिरभिरायची. एक दिवस नंदलाल झारिया गुरुजींनी व्हरांड्याच्या भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, बस इथं, याच्याकडे बघ. पोरगं बसलं. एवढंच.

पण तो ठिपका चित्रात यायला किती वर्षं लागली, माहीत आहे? सत्तरीचं दशक संपत आलं तेव्हा. म्हणजे रझांची पंचावन्नी उलटली होती. फ्रान्समध्ये नाव झालेलं, 1956 सालचा तिथल्या समीक्षकांचा मानाचा पुरस्कार मिळालेला, चित्रं विकली जात होती. तरी आतलं काही हाती लागत नव्हतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा भारतात येऊ लागले, अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान बघू लागले. आणि मग कॅनव्हासवर एक मोठा काळा गोल उतरला. बिंदू. त्यानंतर जवळजवळ पस्तीस वर्षं, अगदी 2016 साली दिल्लीत गेले तोपर्यंत, त्यांनी तो सोडला नाही. नव्वदी ओलांडल्यावर, चाकाच्या खुर्चीत बसूनसुद्धा रोज ब्रश हातात घेत.

लोक विचारतात, एवढ्या वयात हा जोर कुठून येतो? मला वाटतं, तो त्या व्हरांड्यातून येतो. आणि जंगलातून. रझा सांगत, रात्रीच्या जंगलाची त्यांना लहानपणी फार भीती वाटे. गोंडांचा नाच सुरू असला की माणसं जवळ आहेत असा तेवढा धीर यायचा, आणि उजाडलं की जीव भांड्यात पडायचा. आता त्यांचा काळा रंग आठव, आणि त्याच्या कडेनं पेटलेले ते लाल, पिवळे. त्यांच्या लहानपणीच्या गावातल्या बाजाराच्या दिवसाचं ऊन आहे ते, राणी. पॅरिसच्या दुकानातल्या ट्यूबमधून रंग आला असेल, पण ऊन मंडल्याचं.

यावरून "आपण नुसतं बसून राहायचं, एक दिवस आपोआप येईल" असं मात्र धरू नकोस. 1948 साली काश्मीरमध्ये कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकारानं त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुझ्या चित्रांत बांधणी नाही, फ्रेंच चित्रकार सेझान बघ. तरणाबांड, कौतुक होत असलेला चित्रकार. वाईट वाटलंच असेल. पण रझा सेझानची चित्रं बघायला खरंच फ्रान्सला गेले. मधल्या त्या तीस वर्षांत हात घडला, म्हणून ठिपका पेलला. नाहीतर ठिपका काय, कुणीही काढतं.

मी तिशीत असताना उलटं केलं. ज्याचं नाव गाजत असे त्याच्यासारखं काढायचं. दहा वर्षं अशी गेली. त्या काळातली चित्रं माळ्यावर आहेत, तू आलीस की दाखवीन. हात चांगला आहे त्यांत, पण मी कुठंच नाही.

निवृत्तीनंतर एकदा मागच्या पडवीत चुन्याच्या भिंतीवर कोळशानं रुपयाएवढा ठिपका काढला आणि रोज सकाळी वीस मिनिटं समोर बसलो. पहिले तीन दिवस नुसतं पाठ दुखणं आणि दुधाचा हिशेब. चौथ्या-पाचव्या दिवशी ठिपक्याच्या कडेला उजेडाची एक बारीक कडी दिसायला लागली, भिंतीपेक्षाही पांढरी. एकटक बघितलं की डोळा ती स्वतःच तयार करतो. मग चुन्यातली भेग दिसली, ओल आलेली जागा दिसली, आणि काही कारण नसताना माझ्या आईचा पोतेऱ्याचा हात दिसला, चूल सारवतानाचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा माझं म्हणावं असं काही काढलं. वय एकसष्ट.

तू एकवीस वर्षांची आहेस. मोबाइल स्वयंपाकघरात ठेव आणि सकाळचा एक तास कागदासमोर बस, काही आलं नाही तरी. तुझ्या लहानपणीचं काय आहे ते शोध. आजोबांच्या काटोलच्या बागेत संत्र्याची तोड चालायची तेव्हा तू ढिगाजवळून हलत नव्हतीस, हाक मारली तरी. काय बघत होतीस तेव्हा? मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

दिवाळीच्या सुट्टीत ये. सिवनीवरून मंडल्याला जाऊ. नर्मदा तिथं गावाला तीन बाजूंनी वळसा घालते. रझांना त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथंच, वडिलांच्या शेजारी दफन केलं आहे. पहाटे घाटावर बसू. जाड कागदाची वही आण, कोळसा मी घेतो.

तुझा
मामा