कागदावरचा संघ, मैदानावरच्या धावा

खेळ पाहणारा प्रत्येक माणूस मनातल्या मनात कर्णधार असतोच. 'याला अजून कशाला ठेवला?', 'त्याला आधी पाठवायला हवे होते', असे शेरे सामन्याच्या दिवशी आपल्या वसतिगृहातही कमी ऐकू येत नाहीत. शेरा मारणाऱ्याला मात्र आपल्या मताची किंमत कधी मोजावी लागत नाही. ती मोजायला लावणारा एक खेळ अमेरिकेत आहे. त्याचे नाव फँटसी बेसबॉल. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने गेल्या वर्षी मला आपल्या संघात अर्धा भागीदार करून घेतले, तेव्हा हा खेळ मला जवळून पाहता आला. संघ सांभाळण्याची ही विद्या थोडक्यात मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

जन्मकथा

या खेळाचे मूळ विद्यापीठात आहे, हे वाचून आपल्या प्राध्यापकवर्गाला बरे वाटेल. विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने १९६० मध्ये काही मित्र जमवून 'बेसबॉल सेमिनार' सुरू केला. खऱ्या खेळाडूंवर आपापला हक्क सांगायचा आणि हंगामअखेर कोणाचे खेळाडू सरस ठरले ते पाहायचे, असे त्याचे स्वरूप होते. गॅमसन पुढे मिशिगन विद्यापीठात गेले आणि हा खेळही त्यांच्याबरोबर गेला. तेथील अध्यापक रॉबर्ट स्क्लार त्यात सामील झाले. त्यांचा विद्यार्थी डॅनियल ओक्रेंट याच्या कानावर ती कल्पना पडली. ओक्रेंटने १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या मित्रमंडळींसह तिला नवे, नेटके रूप दिले. ही मंडळी मॅनहॅटनमधील 'ला रोटिसरी फ्रान्सेज' नावाच्या उपाहारगृहात जमत, म्हणून नाव पडले 'रोटिसरी लीग'. १९८१ च्या उन्हाळ्यात बेसबॉलपटूंनी संप केला. सामनेच नाहीत म्हटल्यावर लिहायला विषय शोधणाऱ्या पत्रकारांनी या खेळाविषयी लिहिले आणि तो देशभर पसरला.

नियम थोडक्यात असे. प्रत्येक मालकाजवळ २६० डॉलर. त्यांत लिलाव करून २३ खरे खेळाडू घ्यायचे : १४ फलंदाज व ९ पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. एक खेळाडू एकाच संघात. फलंदाजांचे चार आकडे मोजायचे : फटक्यांची सरासरी, होमरन, आपल्या फटक्यावर संघाला मिळालेल्या धावा आणि 'चोरलेले' बेस, म्हणजे चेंडू टाकला जात असताना पळून गाठलेले पुढचे ठाणे. पिचरांचेही चार : विजय, अखेरीस आघाडी राखून वाचवलेले सामने, नऊ डावांमागे दिलेल्या धावा, आणि दर डावामागे दिलेले फटके व फुकट बेस. दहा संघ असतील तर प्रत्येक आकड्यात पहिल्याला १० गुण, शेवटच्याला १. एकूण ८० पैकी ज्याचे गुण अधिक, तो विजेता. पुढे अनेक ठिकाणी आणखी दोन आकड्यांची भर पडली, पण सांगाडा हाच राहिला.

किंमत आणि मोल

पहिला धडा लिलावातच मिळतो. २६० डॉलर आणि २३ जागा, म्हणजे सरासरी प्रत्येकी ११ डॉलरच्या थोडे वर. एका नामवंतावर ४० डॉलर उधळले की उरलेल्या २२ जणांसाठी २२० राहतात आणि सरासरी १० वर येते. शिवाय प्रत्येक रिकाम्या जागेसाठी निदान एक डॉलर राखावाच लागतो. सहा जागा शिल्लक आणि खिशात ३० डॉलर असतील तर एका खेळाडूवर २५ च्या वर बोली लावता येत नाही. म्हणून जाणते मालक आरंभी आपल्याला नको असलेल्या प्रसिद्ध खेळाडूंची नावे पुकारतात. दुसऱ्यांचे पैसे त्यांत संपतात.

मोल ठरते ते दुर्मिळतेने. मूळ नियमांनुसार प्रत्येक संघाला दोन कॅचर लागतात, म्हणजे दहा संघांना २०. ओक्रेंटच्या मंडळींनी फक्त नॅशनल लीगचे खेळाडू घ्यायचे ठरवले होते आणि त्या लीगमध्ये तेव्हा १२ च संघ होते. चांगली फलंदाजी करणारा कॅचर त्यात किती मिळणार? म्हणून २० होमरन मारणारा कॅचर हा तितकेच होमरन मारणाऱ्या सीमेवरच्या क्षेत्ररक्षकापेक्षा महाग. खेळाडू किती चांगला आहे, एवढेच विचारून भागत नाही. तो नसता तर त्याच्या जागी कोण मिळाला असता, हे विचारावे लागते.

कीर्ती हा आणखी एक सापळा. सिनसिनाटीच्या जॉर्ज फॉस्टरने १९७७ मध्ये ५२ होमरन मारले. पुढील तीन हंगामांत ४०, ३० व २५. ओक्रेंटने १९८१ मध्ये या खेळावर जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच फॉस्टर ३६ डॉलरच्या मोलाचा ठरला नाही, असे म्हटले होते. आपण पैसे मोजतो ते गेल्या वर्षाच्या पराक्रमाचे, आणि हाती येते ते या वर्षीचे.

ओसंडणारे भांडे

हंगामाच्या मध्याला दुसरा धडा. चोरलेल्या बेसमध्ये आपला संघ दुसऱ्याच्या ३० ने पुढे असला तरी गुण १० च. वरचे सगळे वाया. भांडे ओसंडू लागले की ओतत राहण्यात अर्थ नाही. एखादा चपळ धावपटू देऊन सामना वाचवणारा पिचर घ्यावा आणि जेथे आपण सातवे आहोत तेथे तिसरे व्हावे. चार गुण पदरात पडतात. अदलाबदलीत समोरच्याला फसवायला जाऊ नये. त्यालाही ज्याची गरज आहे तेच द्यावे, म्हणजे तो पुन्हा दारात उभा करतो.

धीर

तिसरा धडा मी चूक करून शिकलो. पहिल्या महिन्यात आमच्या एका फलंदाजाने ६० खेपांत केवळ १३ फटके मारले. मी भावाच्या मागे लागून त्याला काढायला लावले. दुसऱ्याच दिवशी त्याला दुसऱ्या मालकाने उचलले, आणि उरलेला हंगामभर तो आमच्याविरुद्ध सुरेख खेळला. मग मी गणित मांडले. शंभरात ३० फटके मारणारा उत्तम फलंदाजसुद्धा अशा ६० खेपांत १३ किंवा त्याहून कमी फटक्यांवर थांबेल, असे दहांतून साधारण एकदा निव्वळ दैवाने घडते. हंगाम १६२ सामन्यांचा असतो. दैवाचे उलटसुलट फासे तेवढ्यात बरेचसे एकमेकांना फेडतात आणि गुण वर येतो. आपल्याकडे फोनवर खेळले जाणारे फँटसी क्रिकेट बहुधा एकेका सामन्याचे होते, आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या अशा ऑनलाइन खेळांना २०२५ च्या कायद्याने बंदी घातली. एका संध्याकाळच्या निकालात पारख किती आणि नशीब किती, हे कोणी सांगावे?

धीराचीच दुसरी बाजू म्हणजे हरतानाही खेळत राहणे. नववा संघ कंटाळून लक्ष काढून घेतो तेव्हा पहिल्या-दुसऱ्यातील चुरसही खोटी ठरते. ओक्रेंटला स्वतः काढलेल्या लीगमध्ये कधीच विजेतेपद मिळाले नाही, तरी तो वर्षानुवर्षे खेळत राहिला.

आकडा आणि माणूस

एक गोष्ट मात्र मनाला टोचत राहिली. जुलैमध्ये भावाचा फोन आला. आमच्या सर्वांत चांगल्या पिचरच्या कोपराचा स्नायुबंध तुटला होता. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केलेली शस्त्रक्रिया आता त्याच्यावर व्हायची होती, आणि तीनंतर परतायला वर्षाहून अधिक काळ लागतो. माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "मग दादा, त्याच्या जागी कोण?" भाऊ क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "अरे, तो तेवीस वर्षांचा आहे."

माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा. इतके महिने मी त्याचा प्रत्येक डाव मोजत होतो, पण त्याचे वय मला ठाऊक नव्हते.

या खेळाने मला पुष्कळ शिकवले : मर्यादित साधने कशी वाटावीत, नावाला न भुलता मोल कसे ओळखावे, उतावीळपणे निकाल कसा देऊ नये. पण आकडे माणसाविषयी सांगतात, माणूस सांगत नाहीत, हे त्या फोनने शिकवले. उद्या आपल्यापैकी कोणी शिक्षक होईल, कोणी कचेरीत अधिकारी होईल. गुणपत्रिका आणि हजेरीपट यांचे संघ आपल्याही हाती येतील. तेव्हा बेरजा चोख कराव्यात, आणि बेरीज करण्यापूर्वी एकदा वयही विचारावे.