फ्रेंच क्रियापदें आणि मराठी कान

फ्रेंच भाषेचा अभ्यास नव्यानें आरंभिणारे आमचे विद्यार्थी बहुधा इंग्रजीचा हात धरून तिच्या दाराशीं जातात. पुस्तकें इंग्रजींत, अर्थ इंग्रजींत. तेव्हां हें स्वाभाविकच आहे. तथापि क्रियापदांच्या बाबतींत हा वाटाड्या पुष्कळदां भलत्याच आळींत नेतो, आणि जी मराठी आपण घरीं ठेवून आलों तीच खरी वाट दाखविती, असें आमचें मत झालें आहे.

प्रथम उच्चार पाहूं. नागरींत तो जवळपासच उतरतो. 'पार्ले' म्हणजे बोलणें. झ पार्ल (मी बोलतों), त्यू पार्ल (तूं बोलतोस), इल पार्ल (तो बोलतो), नू पार्लों (आम्ही बोलतों), वू पार्ले (तुम्ही बोलतां), आणि पुन्हां इल पार्ल (ते बोलतात). लिहितांना रूपें पांच, ऐकतांना तीनच! 'ते'च्या रूपास शेवटीं लागणारीं ई, एन, टी हीं अक्षरें मुकींच राहतात. दहांपैकीं सुमारें नऊ क्रियापदें याच गणांतलीं, म्हणून हें एक चालवितां आलें कीं मोठें काम झालें. 'वू' हें एकट्या वडील माणसासही लावतात व क्रियापद अनेकवचनीच राहतें. 'तुम्ही' म्हणणाऱ्यास हें शिकवावें लागत नाहीं.

एत्र (असणें), आव्वार (जवळ असणें), आले (जाणें), फेर (करणें) हीं नित्याचीं क्रियापदें मात्र नियमाबाहेरचीं; तीं पाठच केलीं पाहिजेत. 'आव्वार'ची मौज अशी कीं, फ्रेंच मनुष्य भूक, थंडी आणि वय हीं जवळ बाळगतो. 'झे कँझ आं' म्हणजे शब्दशः 'मजजवळ पंधरा वर्षें आहेत'.

खरी खडी चढण भूतकाळाची. तेथें थबकून कित्येक चांगले विद्यार्थी हा विषयच टाकून देतात, याचें आम्हांस वाईट वाटतें. कारण येथेंच मराठी मुलाचा हात वर असावयास हवा. भूतकाळ बहुधा 'आव्वार' घेऊन होतो. परंतु जाणें, येणें, जन्मणें, मरणें अशीं कांहीं क्रियापदें 'एत्र' घेतात, आणि मग रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणें बदलतें. 'इल ए मॉर', 'एल ए मॉर्त': तो मेला, ती मेली. याउलट 'आव्वार' घेणारें रूप कर्त्याकडे पाहतच नाहीं. तें पाहतें कर्माकडे, आणि तेंही कर्म आधीं आलें असेल तरच. 'झे एक्री युन लेत्र' (मी एक पत्र लिहिलें) यांत कांहीं बदल नाहीं. पण 'ला लेत्र क झे एक्रीत' म्हटलें कीं 'लेत्र' हा स्त्रीलिंगी शब्द पुढें आल्यामुळें 'एक्री'चें 'एक्रीत' झालें. 'मीं चिठ्ठी लिहिली, कागद लिहिला' असें म्हणणाऱ्यास यांत परकें काय आहे? कर्त्यानें लिहावें आणि क्रियापदानें कर्माशीं जुळावें, हा आपला रोजचा व्यवहार. क्लेमां मारो या कवीनें १५३८ सालीं इटालियन भाषेचा दाखला देऊन हा नियम आपल्या शिष्यांस पद्यांत सांगितला होता. तरी खुद्द फ्रेंच मुलें अद्याप त्यावर अडखळतात.

क्रियाविशेषणांत मात्र मराठीपासून सावध असावें. आपण 'मी पुष्कळदां बोलतों' म्हणतों. तिकडे तें क्रियापदानंतर येतें: 'झ पार्ल सुव्हां'. भूतकाळांत 'ब्यँ' (चांगलें), 'देझा' (आधींच) यांसारखे लहान शब्द दोन क्रियापदांच्या मध्यें शिरतात: 'झे ब्यँ मांझे', मी चांगलें जेवलों. आपल्या एका 'फार'चें काम तेथें दोघांत वांटलेलें आहे. 'इल ए त्रे ग्रां', तो फार उंच आहे. पण 'इल पार्ल बोकू', तो फार बोलतो. शिवाय आपल्याकडे 'तो चांगला गातो, ती चांगली गाते' असें विशेषणच लिंग पालटून हें काम करितें. फ्रेंच 'ब्यँ' कोणासाठींही रूप बदलीत नाहीं: 'इल शांत ब्यँ', 'एल शांत ब्यँ'.