जन्म कशासाठीं? : शिष्यत्वाचा एक पाठ

वाचावयाचा भाग : मार्क १:१६-२० व ५:१८-२०, मत्तय ११:२८-३०.

मुख्य विचार : जीविताचा हेतु जन्मानें ठरत नाहीं व पगारानेंही ठरत नाहीं, तो प्रभूच्या हाकेनें ठरतो, आणि जो मागें चालतो त्यालाच तो कळत जातो.

“आपला जन्म कशासाठीं?” हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें कोणीं समजूं नये. दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत खुरपणी करून सायंकाळीं चुलीपुढें बसलेल्या बाईच्या मनांतही तो येतो, आणि रात्रीं मोटेवर किंवा पंपावर जागणाऱ्या माणसाच्या मनांतही येतो. ह्या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपल्या गांवांत पिढ्यान् पिढ्या चालत आलीं. एक असें कीं, ज्या घरीं जन्म त्या घरचें काम, तोच हेतु. दुसरें असें कीं, पोट भरावें, लेंकरें वाढवावीं व मरावें. ह्यापलीकडे हेतु कसला?

मंडळींत आल्यावर आपण ह्यांत तिसऱ्या उत्तराची भर घातली. देवाचें काम म्हणजे उपदेशकाचें, मास्तरांचें किंवा पाळकाचें. बाकीच्यांनीं त्यांचें ऐकावें व वर्गणी द्यावी. खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरतांना आम्हीं हें वारंवार ऐकिलें आहे. परीक्षेंत न उतरलेला एखादा तरुण औताकडे परत आला, कीं वडील माणसें हळहळून म्हणतात, “पोर वायां गेलें.” तो तरुणही तसेंच समजूं लागतो, आणि हळूहळू उपासनेस यावयाचें सोडतो. म्हणून ह्या तिन्ही उत्तरांची शास्त्राशीं पडताळणी करणें अगत्याचें आहे.

१. हाक आधीं, उलगडा मागून

गालील समुद्राच्या कांठीं शिमोन व अंद्रिया जाळें टाकीत होते. याकोब व योहान बापाच्या तारवांत जाळीं नीट करीत होते. प्रभूनें त्यांचें कुळ विचारिलें नाहीं, शिक्षणही विचारिलें नाहीं. त्यानें मागें येण्यास सांगितलें आणि मीं तुम्हांस माणसें धरणारे करीन असें वचन दिलें. ह्या वचनांतील दोन शब्दांकडे लक्ष द्या. “या” हें आजचें आहे. “करीन” हें पुढचें आहे. यरुशलेमांत आपण हजारों लोकांपुढें उभे राहूं, कर्नेल्य नामक परक्या शताधिपतीच्या घराचा उंबरठा ओलांडूं, ह्याची त्या दिवशीं शिमोनाला कल्पनाही नव्हती. सर्व कळल्यावर निघेन असें तो म्हणाला असता, तर तो तारवांतच म्हातारा झाला असता.

हें शेतकऱ्यास समजावून सांगावें लागत नाहीं. नवा गोऱ्हा औताला लावावयाचा तर त्याला जाणत्या बैलाशेजारीं जुंपतात. शेत केवढें आहे, तास कोठवर जातें, हें गोऱ्ह्याला ठाऊक नसतें. तो शेजाऱ्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकतो, आणि दोन हंगामांत जाणता होतो. प्रभूनें भागलेल्यांना जवळ बोलाविलें तेव्हां आपलें जूं घेण्यास व आपल्यापासून शिकण्यास एकाच वाक्यांत सांगितलें. शिष्य म्हणजे शिकणारा. जो जुंवाखालीं येत नाहीं तो बांधावर उभा राहून शेताचें मोजमाप करील, परंतु त्याच्या हातून तास पडणार नाहीं.

२. कोणी निघतो, कोणी घरीं परततो

मागें जाणें म्हणजे घर सोडणेंच काय? गरसेकरांच्या मुलखांत कबरांमध्यें राहणाऱ्या भूतग्रस्ताला प्रभूनें बरें केलें. तो शुद्धीवर आल्यावर, मला तुमच्याबरोबर राहूं द्या, अशी त्यानें विनंती केली. ह्याहून चांगली इच्छा कोणती? तरी प्रभूनें ती मान्य केली नाहीं. आपल्या घरीं, आपल्या माणसांकडे जा, आणि प्रभूनें तुझ्यासाठीं काय केलें तें त्यांना सांग, अशी आज्ञा झाली. ज्या गांवानें त्याला सांखळदंडांनीं बांधिलें, त्याच गांवांत त्याचें काम होतें. तो दकापलीसांत साक्ष देत फिरला. त्याला कोणीं नेमिलें नव्हतें, व पगारही नव्हता.

जक्कयाचें उदाहरणही पाहा. प्रभु त्याच्या घरीं उतरला तेव्हां जकात घेण्याचें काम सोड असें त्याला सांगितल्याचें लूक लिहीत नाहीं. परंतु अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचें व कोणाचें अन्यायानें घेतलें असल्यास चौपट परत करण्याचें त्यानें आपण होऊन कबूल केलें. यापो येथील टबीथा, जिला दुर्कस म्हणत, तिनें व्याख्यानें दिलीं असें कोठेंही लिहिलेलें नाहीं. तिच्या मरणानंतर विधवा स्त्रिया पेत्राजवळ रडत उभ्या राहिल्या आणि तिनें शिवलेलीं वस्त्रें त्याला दाखवूं लागल्या. सुईदोऱ्याचें तें काम पवित्र शास्त्रांत कायमचें नोंदलें गेलें. औत हांकणारा तरुण वायां गेला असें म्हणणारांनीं हा अध्याय अवश्य वाचावा.

३. मग आहे तेथेंच राहावें काय?

येथें एक शंका निघते, व ती खरी आहे. ज्यास ज्या स्थितींत पाचारण झालें त्यानें तींत देवाजवळ राहावें, असें पौलानें करिंथकरांस लिहिलें. तर मग जीं हलकीं मानलेलीं कामें आपल्या वाडवडिलांच्या माथीं होतीं, तींच ख्रिस्ती माणसानेंही निमूटपणें करावीं काय? नाहीं. त्याच अध्यायांत पौल दासाला सांगतो कीं, मोकळें होतां येत असेल तर अवश्य मोकळा हो. आणि मोल देऊन विकत घेतलेल्यांनीं माणसांचे दास होऊं नये. म्हणजे जन्मावरून लादलेलें ओझें हें पाचारण नव्हे. मुंबई राज्यांत १९५८ सालच्या कायद्यानें कनिष्ठ गांववतनें रद्द झालीं. तें योग्यच झालें. तथापि सरकारी कायद्यानें पाठीवरचें ओझें उतरतें, मनावरचें उतरत नाहीं. आपण देवाच्या कामाचे नाहीं, असें जो अजूनही मनांत म्हणतो, त्याच्या मनावरचें तें ओझें ख्रिस्तच उतरवितो.

४. एका जीविताची साक्ष

आपल्याच भाषेच्या मुलखांतील एक साक्ष पाहूं. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं झाला. दुष्काळांत आईबाप गेले, पुढें भाऊ गेला, आणि १८८२ सालीं पतीही निवर्तले. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला होता, परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, हें बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं आपल्या ध्यानांत आलें, असें त्यांनीं स्वतःच्या साक्षींत सांगितलें आहे. एवढ्या विदुषीलाही मागें चालतां चालतां शिकावें लागलें.

त्यांच्या कामाचा उलगडाही असाच पायरीपायरीनें झाला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढिलें, तें मुख्यतः उच्च जातींतील विधवांसाठीं; दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास नेलें. केडगांवची जमीन त्यांनीं घेतली ती फळबागेच्या उत्पन्नासाठीं. परंतु १८९६-९७ चा दुष्काळ पडला, आणि त्या मध्यप्रांतांत जाऊन शेंकडों निराश्रित मुली व विधवा घेऊन आल्या. आतां जातपात पाहण्यास जागाच उरली नाहीं. बागेची जमीन मुक्तिसदनाची जमीन झाली. उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा गेली. तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई प्रभूकडे गेल्या, आणि तें संपूर्ण भाषांतर १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. बाप्तिस्म्याच्या दिवशीं ह्यांपैकीं एकही गोष्ट त्यांना दाखविण्यांत आली नव्हती. पुढचें पाऊल तेवढें दिसत गेलें, आणि त्यांनीं तें टाकिलें.

५. आज काय करावें?

प्रथम, रोज थोडें कां होईना शुभवर्तमान वाचावें. वाचतां येत नसल्यास मुलाकडून वाचवून ऐकावें. हाक ओळखावयाची तर बोलावणाराचा आवाज ओळखीचा असला पाहिजे. दुसरें, जें कर्तव्य आज समोर आहे तें चुकवूं नये : कोणाचें देणें असेल तें फेडावें, भावाशीं अबोला असेल तो मोडावा, शेजारी आजारी असेल त्याला पाणी द्यावें. कळलेली लहान आज्ञा जो मोडतो त्यानें मोठी आज्ञा कळण्याची वाट पाहूं नये. तिसरें, दुसऱ्याच्या वाटणीकडे पाहूं नये. पेत्रानें योहानाविषयीं विचारिलें, तेव्हां त्याच्याशीं तुला काय करावयाचें आहे, तूं माझ्या मागें ये, असेंच उत्तर त्याला मिळालें. आणि उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींतील प्रत्येक माणसास त्याचें काम दाखवून देणें हा आपल्या कामाचा मोठा भाग आहे. तो तरुण औतावर आहे ना? त्याच्या बांधावर जा. रविवारची वाट पाहूं नका.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. प्रभूनें शिमोनाला निघण्यास सांगितलें आणि गरसेकर मनुष्याला घरीं पाठविलें. दोघेही शिष्यच कसे?

२. जन्मावरून लादलेलें काम व प्रभूचें पाचारण ह्यांत भेद काय?

३. आपल्या मंडळींत “वायां गेला” असें कोणाविषयीं म्हटलें जातें? ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?