गरोदरपणाचे पहिले तीन महिने आणि खुली व्यायामशाळा

बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरकडे जाताना मोताळा हे तालुक्याचे गाव लागते. नळगंगेच्या परिसरातील या तालुक्यात कापूस व सोयाबीन ही महत्त्वाची पिके असून निंदण आणि वेचणीचा मोठा भार स्त्रियाच वाहतात. शारीरिक श्रम येथील स्त्रीला नवे नाहीत. नवी आहेत ती खुल्या व्यायामशाळांच्या रूपाने अलीकडे ग्रामीण महाराष्ट्रात पोहोचलेली लोखंडी व्यायामसाधने. त्यांच्याबरोबर एक प्रश्नही आला आहे. दिवस गेल्याचे ध्यानात येण्यापूर्वी या साधनांवर व्यायाम झाला असेल, तर गर्भास इजा पोहोचली असेल काय?

हा प्रश्न केवळ व्यायामाचा नाही. गर्भपात झाला की त्याचा दोष बहुधा स्त्रीच्याच माथी मारला जातो. तिने घागर उचलली, ती जिना चढली, ती यंत्रावर बसली, अशी कारणे शोधली जातात. म्हणूनच वस्तुस्थिती गावातील जबाबदार व्यक्तींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शास्त्र काय सांगते?

पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भपात गर्भातील गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. मातेच्या नेहमीच्या हालचालींशी त्यांचा संबंध नसतो. साधारणतः १२ आठवड्यांपर्यंत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आड सुरक्षित असते. प्रकृती निरोगी असलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. व्यायाम करताना सहज बोलता येते, परंतु गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम व्यायामाची सोपी खूण होय. अजाणता झालेल्या व्यायामाबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

तथापि सर्वच स्त्रियांना हा नियम लागू होत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. तीव्र रक्तक्षय, हृदयविकार, रक्तस्राव किंवा पूर्वी वारंवार झालेले गर्भपात असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय व्यायाम करू नये.

साधनांची निवड

खरा धोका साधनाच्या नावात नसून पडणे, पोटावर आघात होणे, अतिश्रम आणि उष्णता यांत आहे. गरोदरपणात सांधे काहीसे सैल होतात, मळमळ व चक्कर येते आणि तोल जाऊ शकतो. त्यामुळे दोन्ही पाय अधांतरी झुलविणारे साधन व कमर फिरविणारी चकती टाळणे श्रेयस्कर. पोटावर दाब येणारे किंवा श्वास रोखून जोर लावावा लागणारे व्यायामही टाळावेत. टेकून बसता येणारी स्थिर सायकल आणि सपाट जागेवरील चालणे हे त्यामानाने सुरक्षित व्यायाम आहेत. साधारणतः १६ आठवड्यांनंतर पाठीवर सपाट पडून फार वेळ व्यायाम करू नये. विदर्भातील उन्हाळा ध्यानात घेता व्यायाम सकाळी लवकर करावा आणि सोबत पिण्याचे पाणी ठेवावे.

रक्तस्राव, पोटात कळा, छातीत दुखणे, चक्कर किंवा पोटरीस सूज व वेदना ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. पोटात एका बाजूस असह्य वेदना होऊन भोवळ आल्यास गर्भ गर्भनलिकेत राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तोच निकष शेतातही

व्यायामसाधनाची भीती बाळगणाऱ्या घरात त्याच स्त्रीच्या डोक्यावर सरपणाची मोळी वा कापसाचे गाठोडे दिले जाते, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे. वीस मिनिटांची सायकल आपल्या इच्छेने थांबविता येते. भर उन्हातील दिवसभराचे निंदण तसे थांबविता येत नाही. जड ओझे, सतत वाकून काम आणि विश्रांतीचा अभाव यांचाही त्याच काळजीने विचार व्हावयास हवा. व्यायाम बंद केला आणि ओझे मात्र तसेच राहिले, तर काळजी घेतली असे म्हणता येणार नाही.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

साधने बसविल्यावर ग्रामपंचायतीचे काम संपत नाही. सैल झालेले नटबोल्ट, गंजलेले जोड आणि निसरडी जमीन यांची ठराविक मुदतीने तपासणी व्हावी. नादुरुस्त साधन दुरुस्त होईपर्यंत बांधून ठेवावे. जागेवर सावली असावी, तसेच गरोदर स्त्रियांसाठी सूचनांचा फलक मराठीत लावावा. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी हा विषय माता-पालकांच्या सभांत मांडावा. सासू व पती यांनाही त्या सभेस आवर्जून बोलवावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे गरोदरपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांतच व्हावी. आशा कार्यकर्तीकडे वेळीच नाव नोंदविले गेले, तर रक्ताची तपासणी होते आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू होतात. कोणता व्यायाम करावा व कोणता टाळावा हेही आरोग्य केंद्रात विचारता येते. मनातील शंका तेथे निःसंकोचपणे बोलून दाखविता आली, तर भीतीची जागा माहिती घेईल आणि नशिबाने गर्भ टिकला नाही, तरी त्या दुःखात दोषारोपाची भर पडणार नाही.