गाडी तटाबाहेर, तुम्ही आत

प्रश्न : आम्ही नवरा-बायको भाड्याच्या गाडीने टस्कनीतली सिएना, लुका, सान जिमिन्यानो ही गावं पाहणार आहोत. दंडाच्या गोष्टी ऐकून धास्तावलो आहोत. त्यापेक्षा रेल्वेने जावं का?

उत्तर : गाडी जरूर घ्या; सान जिमिन्यानोला रेल्वे स्टेशनच नाही. अंगाशी येतो तो शेवटचा अर्धा किलोमीटर. या गावांचा जुना भाग मर्यादित वाहतुकीचा असतो. वेशीवर लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि वर कॅमेरा. अडवायला पोलीस नसतो, म्हणून चूक कळतही नाही. परदेशी चालकाला नोटीस पाठवायला इटलीचा कायदा ३६० दिवस देतो आणि तुमचा पत्ता कळवल्याबद्दल भाड्याची कंपनी आपलं शुल्क वेगळं कापते. चुकून दोन वेगवेगळ्या दिवशी आत शिरलात, तर दंडही बहुधा दोन.

‘पुढची गाडी गेली की आत!’ असं वाटेल. पण ती रहिवाशाची, परवानावाली असू शकते. नकाशाच्या ॲपवरही विसंबू नका. बंदीच्या वेळा गावागणिक बदलतात. बॅगा जड असतील आणि हॉटेल तटाच्या आत असेल, तर गाडीचा नंबर आधीच कळवून नोंद होईल का, ते विचारा आणि होकार लेखी घ्या. एरवी गाडी बाहेरच लावा. सिएनात सांता कातेरीना पार्किंगपासून वर जायला चक्क सरकते जिने आहेत, त्यामुळे चढ नको ही सबब तिथे चालत नाही. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना मूळ लायसन्ससोबत ठेवा. तो नसला तर मात्र खरंच रेल्वे बरी.