अडखळणारा व्हिडिओ : दोष कोठें शोधावा?

विद्यार्थिमित्रहो, घरांतील दूरचित्रवाणी संच तारेनें राउटरला जोडलेला असतांही त्यावरील व्हिडिओ वारंवार कां थांबतो, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचें उत्तर शोधतांना आमच्या हातून एक अन्याय घडला. म्हणून ज्या क्रमानें तें उत्तर शोधावयास हवें होतें, तो क्रम तुमच्यापुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचा भाचा दहावीच्या वर्षासाठीं आमच्या घरीं राहावयास आला होता. रोज सायंकाळीं तो संचावर गणिताचे पाठ पाही. पुढें ते पाठ मध्येंच थांबूं लागले. फळ्यावरील समीकरण अर्धवट राही आणि पडद्याच्या मध्यभागीं तें परिचित वर्तुळ गरगर फिरत बसे. आम्हीं आमच्या मोबाइलवर वेग मोजला. तो सेकंदाला ९० मेगाबिट भरला. आम्हीं तर्क केला कीं, बाहेरून येणारा प्रवाह पुरेसा आहे. संच तर तारेनें जोडलेला, म्हणजे तेथें दोष संभवत नाहीं. तेव्हां घरांतील कोणीतरी गुपचूप मोठमोठे खेळ उतरवून घेत असलें पाहिजे. आम्हीं भाच्याचा मोबाइल काढून घेतला. "मामा, मीं कांहींच उतरवलेलें नाहीं," तो म्हणाला. आम्हांस तें खरें वाटलें नाहीं. आठ दिवस मोबाइल आमच्या कपाटांत होता, आणि आठही दिवस व्हिडिओ थांबतच होता. ही साक्ष पुरेशी होती. ती ऐकण्याची आमची तयारी नव्हती.

आतां मूळ विषयाकडे वळूं. व्हिडिओ आपल्या घरीं एकसंध येत नाहीं. त्याचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात, व प्रत्येक तुकडा अनेक पुडक्यांत बांधून पाठविला जातो. ह्या पुडक्यांस पॅकेट म्हणतात. घरांतील तारेवरून जाणाऱ्या एका पुडक्यांत सामान्यतः फार तर १५०० बाइट मावतात. संच हीं पुडकीं जुळवून पुढील कांहीं सेकंदांचें चित्र आधींच सांठवून ठेवतो. ह्या सांठ्याचें नांव बफर. गच्चीवरील टांकीचा दृष्टांत घ्या. नळाला थोडा वेळ पाणी कमी आलें तरी टांकी भरलेली असेपर्यंत घरांतील तोटी वाहते. परंतु आवक खर्चापेक्षां सतत कमी राहिली तर टांकी कोरडी पडते. बफर असा कोरडा पडला कीं वर्तुळ फिरूं लागतें.

मग खर्च तो किती? १०८० ओळींच्या स्पष्ट चित्रास सेकंदाला सुमारें ५ मेगाबिट लागतात. फोर-के चित्रास १५ ते २०. अर्थात् ५० किंवा १०० मेगाबिटांची जोडणी असलेल्या घरांत एका व्हिडिओसाठीं अधिक महाग योजना घेणें हा अगदीं शेवटचा उपाय होय. टांकी लहान नसते. बहुधा वाटेंत कोठेंतरी गळती असते.

ही गळती कशी घात करते तें पाहा. १९८६ सालीं अमेरिकेंत बर्कली येथील प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ ह्यांमधील जोडणीचा वेग गर्दीमुळें सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आला. ह्याचा विचार करून व्हॅन जेकबसन ह्यांनीं १९८८ सालीं कांहीं नियम प्रसिद्ध केले. पुडकें हरवलें कीं वाटेंत गर्दी आहे असें समजून पाठविणाऱ्यानें आपला वेग उतरवावा, हें त्यांचें सार. नियम उत्तम, परंतु तार दुखावल्यामुळें पुडकीं हरवलीं तरी रूढ पद्धतींत पाठविणारा यंत्रगणक तिला गर्दीच समजतो आणि विनाकारण मंद होतो. शेंकडा कांहीं थोडीं पुडकीं हरवलीं तरी वेग कितीतरी पटींनीं घसरतो तो ह्यामुळेंच.

घरांतील ह्या केबलमध्यें आठ बारीक तारा, दोन दोन एकमेकींस पिळलेल्या, अशा चार जोड्या असतात. १०० मेगाबिटांस दोन जोड्या पुरतात, १००० मेगाबिटांस चारही लागतात. लांबीची मर्यादा १०० मीटर. पुष्कळ दूरचित्रवाणी संचांचें तोंडच १०० मेगाबिटांचें असतें, म्हणून तेथें तो आंकडा दिसला तर तो दोष समजूं नये.

परीक्षेचा क्रम असा. प्रथम, संचाची तार काढून तीच संगणकास जोडावी व तोच पाठ लावावा. तो सुरळीत चालला तर दोष संचांत. संच बंद करून पुन्हां सुरू करावा आणि त्यांतील ॲप अद्ययावत् करावें. दुसरें, संगणकावरून राउटरला शंभर वेळां पिंग करावें. माइक म्यूस ह्यांनीं १९८३ सालीं लिहिलेला हा छोटा कार्यक्रम हाक मारतो आणि ओ किती वेळां आली तें मोजतो. तारेच्या वाटेनें राउटरची ओ साधारण एका मिलिसेकंदांत यावी, व एकही हाक वायां जाऊं नये. तिसरें, जात असल्यास दुसऱ्या आंखूड, चांगल्या तारेनें संगणक थेट राउटरला जोडून तेंच करावें. नुकसान थांबलें तर जुनी तार दोषी. न थांबलें तर राउटरचें तोंड बदलून पाहावें. चौथें, राउटरपर्यंतची वाट निर्दोष ठरल्यावरच बाहेरील पत्त्यास पिंग करावें, पहांटे एकदां व सायंकाळीं एकदां. त्या वेळीं घरांतील कोणी मोठ्या फाइली वर चढवीत असल्यास तें थांबवून पुन्हां मोजावें, कारण राउटरपाशीं त्यांची रांग लागली कीं इतरांना तिष्ठावें लागतें. कांहीं पत्ते पिंगला उत्तरच देत नाहींत, हेंही ध्यानांत असावें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक आंकडा वेळेसह लिहून ठेवावा.

नवव्या दिवशीं आम्हीं ह्या क्रमानें निघालों. आश्चर्य असें कीं, शंभरांपैकीं एकही हाक वायां गेली नाहीं. तेव्हां भाचा म्हणाला, "मामा, पाठाच्या वेळीं आपण दार लावतों. लावून पाहूं या का?" दार लावलें, सात हाका वायां गेल्या. उघडलें, एकही नाहीं. तार बिजागरीच्या फटींतून गेली होती, आणि दार मिटलें कीं तेथें चिरडली जात होती. मुलाच्या अभ्यासांत गोंगाटाचा व्यत्यय नको म्हणून तें दार रोज आम्हीच लावीत होतों.

नवी तार भिंतीच्या वरून नेली, तेव्हांपासून पाठ थांबलेला नाहीं. आमच्या मोबाइलनें मोजलेला वेग खोटा नव्हता. परंतु मोबाइलची वाट हवेंतून होती, तारेंतून नव्हती. जी वाट आम्हीं तपासलीच नव्हती तिला आम्हीं निर्दोष ठरविलें, आणि ज्यानें कांहीं केलें नव्हतें त्यास दोषी.

मोबाइल परत देतांना आम्हीं भाच्यापाशीं आपली चूक स्पष्ट शब्दांत कबूल केली. तो हंसला व म्हणाला, "मामा, आतां दार लावलें तरी चालेल." मित्रहो, संशय घेण्यापूर्वीं मोजा, आणि मोजतांना दार नेहमींसारखेंच लावलेलें असूं द्या.