नात्याचा दाखला

लखनौचा अमीनाबाद बाजार अवधचे नवाब अमजद अली शाह यांचे वजीर अमीनउद्दौला यांच्या नावाने ओळखला जातो. चिकनच्या कापडाची दुकाने, गडबडझाल्यातल्या बांगड्या, पुस्तकविक्रेते आणि कबाबांचा धूर यांच्या गर्दीत मराठी शब्द सहसा कानी पडत नाही. तरीही लखनौला मराठी माणूस नवा नाही. जवळच्याच कैसरबागेत पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते अनेक वर्षे सांभाळले. दुसरी वाट कारागिरांची. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी या दुष्काळी भागातून सोन्याचांदीच्या गलाईचे काम करणारी कुटुंबे देशभरातील सराफ बाजारांत पांगली. उत्तरेतील शहरांतही ती स्थिरावली.

अशाच एका कुटुंबात, अमीनाबादच्या गल्लीत वाढलेली एक मुलगी डोळ्यांसमोर आणावी. घरात मराठी, बाहेर हिंदी, शाळा उत्तर प्रदेश बोर्डाची. लग्न विट्याजवळच्या गावी, नात्यागोत्यातून आलेल्या स्थळाशी झाले. नवरा कॅनडात कायमचा रहिवासी आहे. लग्नानंतर तीन आठवड्यांनी तो परत गेला आणि ती लखनौला माहेरी आली. आता तिला त्याच्याकडे जायचे आहे. त्यासाठी नवऱ्याने तिला पुरस्कृत करावयाचे, म्हणजे तिच्या मूलभूत गरजांची तीन वर्षांची लेखी हमी द्यावयाची, आणि दोघांनी मिळून नात्याचे पुरावे सादर करावयाचे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. अर्ज तपासणारा अधिकारी लग्नाला आलेला नसतो. अंतरपाट, अक्षता, सासरी जाताना आईच्या डोळ्यांत आलेले पाणी यांतले काहीच त्याने पाहिलेले नसते. त्याच्यापुढे असतात ते कागद, आणि ते कागद एकाच स्त्रीविषयी बोलत आहेत की नाही, हे त्याला ठरवायचे असते.

हा प्रश्न आजचा नाही. १४ मार्च १९१३ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी एका भारतीयाच्या पत्नीला प्रवेश नाकारणारा निर्णय दिला. बहुपत्नीत्वाला मुभा देणाऱ्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही, असा त्याचा अर्थ होत होता. हिंदू आणि मुसलमान स्त्रिया एका रात्रीत बेकायदा ठरल्यासारखे झाले. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया उतरल्या त्या यामुळे. कस्तुरबांनी त्याच वर्षी तुरुंगवास पत्करला. १९१४ च्या कायद्याने अशा विवाहांना मान्यता मिळाली. कॅनडात तर १९०८ च्या नियमाने मायदेशाहून थेट, अखंड प्रवास करून येण्याची अट घातली होती आणि भारतातून तसा प्रवास जवळजवळ अशक्य होता. तेथे राहणाऱ्या भारतीयांच्या बायका वर्षानुवर्षे इकडेच राहिल्या. १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेत ठराव झाला, की परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाला पत्नी व अज्ञान मुले आणता यावीत. मात्र ती त्याची कायदेशीर पत्नी व मुले असल्याचा दाखला भारत सरकारने द्यावा. आज जी कागदपत्रे गोळा करावी लागतात, त्यांचे मूळ अशा अटींत सापडते.

पहिला कागद अर्थातच विवाह नोंदणीचा. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असे राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा होताच. उत्तर प्रदेशाने २०१७ साली नियम केले. या उदाहरणातील लग्न सांगली जिल्ह्यात झाले, तेव्हा नोंदणीही तेथेच, ग्रामपंचायतीत. वधूवर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी यांच्या सह्या लागतात. नवऱ्याची सुट्टी संपण्यापूर्वी हे काम उरकलेले बरे. सत्यनारायण आणि देवदर्शन यांत दिवस जातात आणि नोंदणी मागे राहते, हे अनेक घरांत घडते. मग एका सहीसाठी त्याला पुन्हा यावे लागते.

खरी अडचण नावाची आहे. मराठी रीतीने मुलीच्या नावात वडिलांचे नाव मधे येते आणि शेवटी आडनाव. उत्तर प्रदेशात अशी रीत नाही. तेथे शाळेत नाव घालताना मुलीच्या नावापुढे ‘कुमारी’ जोडून प्रश्न मिटवला जातो. वडिलांचे आडनाव ‘जाधव’ असले तरी कारकुनाच्या ओळखीचे ‘यादव’ असते, म्हणून तो तेच लिहितो. दहावीच्या प्रमाणपत्रावर हीच नोंद कायम होते. पासपोर्टात नावाचे दोनच रकाने: एक स्वतःच्या नावाचा, एक आडनावाचा. वडिलांचे नाव पहिल्या रकान्यात बसवतात, किंवा ते गळून पडते. लग्नानंतर बँकेत गेले की तेथे नवऱ्याचे नाव मधे येते. काही घरांत तबकातल्या तांदळांवर वधूचे नवे नावच लिहिले जाते आणि सासरची माणसे तिला त्याच नावाने ओळखतात. शिवाय लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां.’ असते ते निराळेच. हौसेने छापलेली ही अक्षरे परक्या भाषेत नेताना ती नावाचाच भाग समजली गेली, तर आणखी एक नाव तयार होते!

अशा वेळी नावे एकसारखी करण्यासाठी जुन्या कागदांवर खाडाखोड करणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. खोटी माहिती किंवा बनावट कागद आढळल्यास कॅनडाच्या कायद्यानुसार पाच वर्षे प्रवेशबंदी होऊ शकते. ‘सगळे जमवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती मूळ दाखले सोपवणेही तितकेच धोक्याचे. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर परवाना हाती येईपर्यंत तेच नाव सर्वत्र चालवणे सोयीचे. जेथे फरक पडलेलाच आहे, तेथे प्रतिज्ञापत्र करावे आणि सोबत खुलाशाचे पत्र जोडावे. कैसरबागेतील न्यायालयाच्या परिसरात नोटरी मिळतो. पण पत्रातील मजकूर आपला आपणच विचार करून लिहावा लागतो.

पत्र कसे असू नये? ‘काही अपरिहार्य कारणांमुळे माझ्या नावात किरकोळ तफावत आढळून येत असून ती कृपया ग्राह्य धरण्यात यावी.’ वाक्य भारदस्त आहे, परंतु त्यातून काहीच कळत नाही. आता हे पाहा: ‘माझ्या दहावीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे आडनाव यादव असे छापले गेले आहे. त्यांचे खरे आडनाव जाधव आहे. पुरावा म्हणून त्यांचे आधार कार्ड व माझा पासपोर्ट जोडला आहे.’ तीन लहान वाक्ये. चूक कोणती, बरोबर काय आणि पुरावा कोठे, हे तिन्ही त्यांत आले. कार्यालयीन लेखनात याहून अधिक अलंकार नकोत.

नात्याची हकीकत लिहितानाही हीच दृष्टी ठेवावी. दोन वेळा भेटून ठरलेले लग्न आपल्याकडे नवलाचे नाही. परक्या देशातील वाचकाला ते शंकास्पद वाटू शकते. म्हणून स्थळ कोणी सुचवले, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम कधी झाला, याद्या आणि साखरपुडा कोणत्या तारखेला, लग्नाला कोण कोण होते, नंतर दोघे किती दिवस एकत्र राहिले, आता किती वेळा बोलतात, हे क्रमाने सांगावे. पत्रिकेवर तिथी असेल तर इंग्रजी तारीखही द्यावी. छायाचित्रांचा अख्खा आल्बम पाठवू नये. साखरपुड्याचे एक, सप्तपदीचे एक, दोन्ही घरची माणसे दिसतील असे एखादे, लग्नानंतरच्या दिवसांतली काही. प्रत्येकामागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नाती. फोनवरील संभाषणांच्या नोंदी आणि नवऱ्याने पाठवलेल्या पैशांच्या बँकेतील नोंदी या साध्या दिसतात, पण लग्नानंतरचे महिने त्यांतूनच दिसतात.

मराठी किंवा हिंदी कागदाला इंग्रजी वा फ्रेंच भाषांतराची जोड हवी. हे भाषांतर अर्जदाराने किंवा तिच्या नातलगांनी केलेले चालत नाही. भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी नाही! भाषांतरकार अधिकृत नसेल तर त्याचे प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची साक्षांकित प्रतही लागते. शेजारच्या घरातील मुलीचा निकाहनामा उर्दूत असतो; तिलाही हाच नियम.

जन्माची नोंद नसेल तर महानगरपालिकेकडून नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र मिळवता येते, अथवा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने उशिरा नोंद करून घेता येते. वर्तणुकीचा पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. पडताळणी पत्त्यावर होत असल्याने भाड्याचे घर नुकतेच बदलले असेल तर आधीच पत्ता दुरुस्त करून घ्यावा. वैद्यकीय तपासणी मात्र कॅनडा सरकारने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते.

देश बदलला की रीतही बदलते. नवरा दुबईत असेल, तर विवाह प्रमाणपत्रावर आधी राज्य शासनाचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि त्यानंतर अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का घेण्याची रीत आहे. ज्या राज्याने प्रमाणपत्र दिले, त्याच राज्याचा पहिला शिक्का लागतो. विट्याजवळ नोंदवलेल्या लग्नासाठी लखनौच्या सचिवालयात रांग लावून उपयोग होत नाही; तो कागद महाराष्ट्रातच न्यावा लागतो.

कृती: स्वतःचे किंवा घरातील एखाद्या विवाहित स्त्रीचे पाच कागद घ्या. प्रत्येकावर नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे अथवा पतीचे नाव जसे लिहिले आहे तसेच, अक्षरही न बदलता, उतरवून काढा. फरक आढळल्यास त्याविषयी तीन वाक्यांचे खुलाशाचे पत्र लिहा.